झाडीची रेघ

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सरकारी रेघ एका दिवसात ओढता येते. माणसांची रेघ तशी ओढता येत नाही. भूगोलकार प्रदेश ठरवताना बोली, पीक, सोयरीक, सण यांची एकेक सीमा काढतो. त्या एकमेकींवर पडतात तिथे प्रदेशाचा गाभा. फाकतात तिथे संधिप्रदेश. इरावती कर्वे यांनी 1953 साली भाषा व नातेव्यवस्था यांवरून भारताचे विभाग पाडले, ते याच वाटेने.

ही कसोटी आमच्याकडे लावून पाहावी. धान, बोड्या, दंडार, दिवाळीनंतरच्या मंडया यांनी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग एका झाडीपट्टीत येतात. पोवारी बोली मात्र बाघ नदी ओलांडून बालाघाटात जाते. 1956 साली भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी दोहोंकडे राहिल्या.

मी पेशाने मास्तर. झाडीतले पोर ‘जवळ’ला ‘जवर’ म्हणते. ते अशुद्ध म्हणून आपण खोडतो, तेव्हा केवळ अक्षर खोडत नाही; ज्या खुणेने हा मुलूख ओळखावयाचा, तीच पुसतो. मग नकाशावर उरते ती फक्त सरकारी रेघ.