कुणाचा अपमान मोठा? — ब्राह्मणगावापासून आजपर्यंत

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव दलित चळवळीच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं आहे. ते गाव म्हणजे ब्राह्मणगाव. पुण्या-मुंबईचे प्राध्यापक त्या गावावर व्याख्यानं देतात. आपल्या विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्या पोरांना विचारलं, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला तेव्हा आम्ही ठरवलं, की यंदा आपल्याच जिल्ह्याची ही गोष्ट लिहायची. कारण हल्ली जो तो विचारतो, "बोलावं तरी किती आणि कुणाला? कशानेही भावना दुखावतात." या प्रश्नाचं मूळ आपल्या दाराशीच आहे.

सन १९७२. दुष्काळाचं साल. जुन्या माणसांना खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली आठवते. त्याच साली ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची वस्त्रं फेडून त्यांची धिंड काढली गेली. सवर्णांच्या विहिरीच्या पाण्याला हात लागला, हे निमित्त. तिकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता. या दोन घटनांनी मुंबईतली लिहिणारी दलित पोरं पेटली आणि त्याच वर्षी दलित पँथर जन्माला आली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं आपल्याला माहीत आहेत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून त्यांनी नाव घेतलं, हेही माहीत आहे. पण पँथरच्या जन्माला परभणी जिल्ह्यातल्या आयाबायांचे अश्रू कारण झाले, हे आपण विसरलो.

त्या वर्षीचा १५ ऑगस्ट म्हणजे स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. 'साधना' साप्ताहिकाने त्या दिवशी खास अंक काढला. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं हे साप्ताहिक. ज्या गुरुजींनी पंढरपूरचा विठोबा अस्पृश्यांना मोकळा व्हावा म्हणून १९४७ साली उपोषण केलं, त्यांचं पत्र! अंकाच्या संपादनाचं काम अनिल अवचटांनी केलं आणि त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापला. लेखात ढाले यांनी एक साधा हिशोब मांडला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये आणि ब्राह्मणगावात दलित बाईचं पातळ फेडलं तर दंड पन्नास रुपये. म्हणजे कापडाला एक भाव आणि कापडाच्या आतल्या माणसाला त्याच्या सहावा हिस्सा! मग त्यांनी ध्वजाबद्दल असं एक वाक्य लिहिलं, की सगळा महाराष्ट्र खवळला.

महाराष्ट्र कशाने खवळला, इथे आमची सुई अडकते. ब्राह्मणगावची बातमी अगोदरच लोकांना कळलेली होती. तिच्यावर शहरात मोर्चे निघाले नाहीत, सभा गाजल्या नाहीत. पण एका वाक्यावर अख्खा पांढरपेशा समाज उठला. ध्वजाचा अपमान झाला, भाषा असभ्य आहे, लेखकावर खटला भरा, अंक मागे घ्या. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेसुद्धा ढाले यांच्या लेखनावर जाहीर टीका केली. याच दुर्गाबाई पुढे १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात बोलल्या आणि तुरुंगात गेल्या. त्यांचं धैर्य खोटं नव्हतं. लेखणीच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाणारं माणूस ढाले यांच्या लेखणीपाशी मात्र अडलं. आम्ही यात दुर्गाबाईंना दोष देत बसत नाही. इतकंच दाखवतो, की शब्द टोचतो तेव्हा तो आपल्याला कुठे टोचला एवढंच माणसाला कळतं. दुसऱ्याची पाठ किती सोलली आहे, ते दिसत नाही.

ढाले यांचं वाक्य आम्हाला आवडतं का? खरं सांगायचं तर नाही. ते वाक्य आमच्या आईसमोर मोठ्याने वाचण्याची आमची छाती नाही. तरी आम्ही म्हणतो, की ते छापलं हे बरं झालं. सभ्य भाषेत लिहिलेल्या निवेदनांना कोण विचारत होतं? पन्नास रुपयांचा दंड त्या वाक्यामुळे लोकांच्या ध्यानात राहिला. नाहीतर ब्राह्मणगाव कोर्टाच्या दप्तरात कधीच धूळ खात पडलं असतं.

आता कुणी विचारील, "म्हणजे तुम्ही काहीही बोललेलं चालतं, आणि आम्ही जातीचं नाव घेतलं की ॲट्रॉसिटी?" हा टोमणा आम्ही गिरणीत तीस वर्षं ऐकला. आमच्या रिंग खात्यात यंत्रांचा एवढा गोंगाट, की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. पण शिवी ओठांवरून वाचता येते. तिथले एक जॉबर सगळ्यांना नावाने हाक मारायचे, आम्हा चौघांना जातीने. कांड्या बदलायला उशीर झाला, की "सरकारी जावई". आम्ही त्यांच्या तोंडाला तोंड दिलं नाही असं नाही. पण घरी गेल्यावर भाकरी गोड लागायची नाही, हे खरं. जॉबरसाहेब काही विचार मांडत नव्हते, की कुठल्या ग्रंथाची चिकित्सा करत नव्हते. तू कुठे जन्मलास ते विसरू नको, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

हा फरक आजच्या वकिलांनी काढलेला नाही. तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. विनयपिटकात भिक्खूंसाठी पाचित्तिय नियम आहेत. त्यातला दुसरा नियम अपमानकारक बोलण्याचा, त्याला ओमसवाद म्हणतात. छब्बग्गिय नावाचे सहा उपद्रवी भिक्खू इतरांना जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, धंद्यावरून, आजारावरून हिणवायचे. चांडाळ, वेन, नेसाद, रथकार, पुक्कुस हे शब्द तिथे यादीत दिले आहेत. तथागतांनी हा दोष ठरवला. थट्टेत बोललं तरी हलका का होईना, दोष आहेच! "अहो, गंमत केली" ही पळवाट त्यांनी तेव्हाच बुजवली. पण तिथेच हेही सांगितलं आहे, की जो अर्थ समजावण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी, उपदेशासाठी बोलतो, त्याला दोष नाही. शब्द तोच, पण हेतू निराळा.

हा नियम सांगताना भगवंतांनी नंदीविसाल बैलाची गोष्ट सांगितली. ती जातककथांतही आहे, आणि पोळ्याच्या आदल्या रात्री लेकरांना सांगण्यासारखी आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाकडे हा बलदंड बैल होता. बैलच मालकाला म्हणाला, पैज लावा, मी वाळू, खडी, दगड भरलेल्या शंभर गाड्या एकदम ओढून दाखवतो. हजाराची पैज लागली. गाड्या जुंपल्या आणि ब्राह्मण आसूड उगारून ओरडला, "चल रे लबाडा!" बैल खांबासारखा उभा राहिला. जागचा हललाच नाही. पैज गेली. घरी येऊन ब्राह्मण तोंड झाकून पडला, तेव्हा बैलाने विचारलं, "तुमच्या घरी मी कधी भांडं फोडलं? कुणाला तुडवलं? मग मला लबाड का म्हणालात?" पुन्हा दोन हजारांची पैज लावली, गोड बोलून हाक दिली आणि शंभर गाड्या निघाल्या. आमच्या जॉबरसाहेबांना ही गोष्ट सांगायची फार इच्छा होती. ते रिटायर झाले.

आपला कायदा याच वाटेने आला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. लोकांच्या नजरेसमोर कमीपणा आणण्याच्या हेतूने केलेला अपमान त्यात गुन्हा ठरला. २०१६ पासून जातीच्या नावाने शिवीगाळ हे कलम वेगळं लिहिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असंही सांगितलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना बोललेलं या कलमात बसत नाही. म्हणजे कायद्याने कुणाच्या तोंडाला कुलूप लावलेलं नाही. मनुस्मृतीवर, गीतेवर, एवढंच काय बुद्ध धम्मावर कुणी कितीही कडक टीका करो, हा कायदा तिथे येत नाही. माणसाला त्याच्या जन्मावरून चारचौघांत तुडवलं, की तो येतो.

याची उलटी बाजू आपण १९८८ साली पाहिली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड १९८७ साली काढला. संपादक वसंत मून. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' हा बाबासाहेबांच्या हयातीत न छापलेला ग्रंथ होता आणि त्याच्या परिशिष्टात राम व कृष्ण यांच्याबद्दल प्रश्न होते. लगेच भावना दुखावल्या. अमरावतीला ग्रंथ जाळला गेला. मुंबईत शिवसेनेचा मोर्चा निघाला. मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने परिशिष्ट गाळायचं ठरवलं. मग ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला मोर्चा निघाला. आम्ही तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. परभणीहून छोट्या लाईनीच्या गाडीने मनमाड, तिथे गाडी बदलून मुंबई. पाठीला फडक्यात बांधलेल्या भाकरी. ग्रंथ आम्ही कुणीच वाचलेला नव्हता, कारण तो इंग्रजीत. पण बाबासाहेबांनी लिहिलेलं पान फाडू द्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. शेवटी परिशिष्ट राहिलं. या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप सोबत आली. आम्हाला ती टीप चालते. ज्याला पटत नाही त्याने खाली टीप लिहावी. पान फाडू नये.

दुसरीकडे मोर्चा झाल्यावर हुतात्मा स्मारकाचं "शुद्धीकरण" केलं गेलं, का तर आमचे पाय तिथे लागले म्हणून. ग्रंथातल्या प्रश्नाने देवाचा अपमान होतो आणि माणसाच्या पायाने स्मारक बाटतं! कुणाचा अपमान कशाने होतो याचं गणित ढाले यांच्या लेखानंतर सोळा वर्षांनी तेच होतं.

पण आपल्यालाही एक प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या पुस्तकातलं एक जुनं व्यंगचित्र गाजलं. शंकर यांनी १९४९ साली काढलेलं. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक घेऊन. संसदेत गोंधळ झाला, पुस्तक मागे घेण्याची घोषणा झाली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. करणारे आपल्याच नावाने घोषणा देत होते. चित्र पाहून दुःख होणं समजू शकतं. पाठीवर चाबूक ज्यांच्या घराण्याने खाल्लेत, त्यांना चित्रातला चाबूक नुसतं चित्र वाटत नाही. पण खुर्च्या मोडणं म्हणजे अमरावतीची काडी आपल्या हातात घेणं झालं.

आणि बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? घटनेला उशीर होतो अशी ओरड घटना समितीतही होती. नझिरुद्दीन अहमद नावाच्या सभासदाने मसुदा समितीला, म्हणजे ड्राफ्टिंग कमिटीला, "ड्रिफ्टिंग कमिटी" म्हणून हिणवलं, म्हणजे भरकटलेली समिती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ते हसत अंगावर घेतलं. आम्ही भरकटलो, पण जाणून-बुजून. मासा कुठे आहे ते ठाऊक असूनच गळ टाकला, अशा अर्थाचं ते बोलले. मग आकडे ठेवले. घटना समितीचा काळ दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. त्यात आलेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. ऑस्ट्रेलियाला घटना करायला नऊ वर्षं लागली. गोगलगायीला याहून चांगलं उत्तर कोणतं? पळशीकरांच्या टेबलावर या भाषणाची एक प्रत ठेवून यायला हवी होती.

याच माणसाला आयुष्यात दुसरा प्रसंगही आला. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्यात "हरिजन" म्हणायचं ठरलं, तेव्हा ते आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभागृहातून उठून बाहेर पडले. दादासाहेब गायकवाडांनी विचारलं, आम्ही देवाची माणसं, मग बाकीचे काय राक्षसाची? स्वतःवरची थट्टा हसण्यावारी नेणारे बाबासाहेब समाजाला न विचारता दिलेलं नाव एक दिवस सहन करायला तयार नव्हते.

आता अलीकडचं, जे लिहिताना हात जड होतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. काही जण म्हणाले, काच होती, एवढं काय? संविधानावर टीका करायला आमची हरकत नाही. बाबासाहेबांनी राज्यसभेत १९५३ साली त्यावर स्वतः केली तेवढी जळजळीत टीका कुणी केली नसेल. पण आमच्या पुतळ्यासमोर येऊन दगड घालणं ही टीका नव्हे. ते जॉबरचे ओठ होते. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दगडफेक झाली, जाळपोळ झाली, तीही आम्हाला मान्य नाही. मग वस्त्यांमध्ये पोलीस शिरले, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला.

बंदच्या दिवशीच्या दगडफेकीचे गुन्हे लगेच नोंदले गेले. सोमनाथच्या मृत्यूचा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि आदेश यायला जुलै २०२५ उजाडला.