अंडे अडकणे (कोंबडी)

तयार झालेले किंवा तयार होत असलेले अंडे नेहमीच्या वेळेत बाहेर न पडता कोंबडीच्या अंडनलिकेच्या खालच्या भागात अथवा अवस्करात अडून राहते, त्या अवस्थेस अंडे अडकणे असे म्हणतात. ही अवस्था कोंबड्यांप्रमाणेच बदके, कबुतरे व पिंजऱ्यातील पोपटवर्गीय पक्षी यांच्यातही आढळते. वेळेवर उपाय न झाल्यास कोंबडी एक-दोन दिवसांत दगावू शकते. परसात मोजक्या कोंबड्या पाळणाऱ्यास प्राथमिक उपचार घरी करता येतात. मात्र अंडे बळाने बाहेर काढण्याचा प्रयत्न मूळ विकारापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

अंड्याची निर्मिती

कोंबडीत सामान्यतः डावा अंडाशय व डावी अंडनलिका एवढीच कार्यक्षम असते. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत येतो. तेथे त्याभोवती पांढरा बलक, पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच तयार होते. या सर्व क्रियेस सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास अंडे गर्भाशयात, म्हणजे कवचग्रंथीत, असते. त्यानंतर गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि अंडे योनिमार्ग व अवस्कर यांतून बाहेर पडते.

कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते व एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या कोंबडीच्या शरीरातून केवळ कवचांवाटे अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर जाते. हे प्रमाण तिच्या सांगाड्यातील एकूण कॅल्शियमच्या कित्येक पट आहे. स्नायूंच्या आकुंचनासाठीही कॅल्शियमच लागते. म्हणून त्याची उणीव झाली की कवच पातळ होते आणि ते अंडे बाहेर ढकलण्याची स्नायूंची शक्तीही कमी होते. मऊ कवचाच्या अंड्यावर स्नायूंची पकड नीट बसत नसल्याने अडचण आणखी वाढते.

कारणे

- आहारात कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी असणे. केवळ भात, तांदळाची कणी, ज्वारी व उरलेसुरले अन्न यांवर पोसलेल्या कोंबड्यांना हा धोका अधिक असतो.
- दुहेरी बलकाचे, फार मोठे किंवा वेड्यावाकड्या आकाराचे अंडे.
- शरीराची पूर्ण वाढ होण्यापूर्वीच तलंग अंड्यावर येणे. वाढीच्या वयात कृत्रिम प्रकाशाचे तास वाढविल्यास असे घडते.
- अतिरिक्त चरबी व हालचालीचा अभाव.
- अंडनलिकेचा दाह किंवा जंतुसंसर्ग.
- वाढते वय, थंडी, भीती व अंडी घालण्यासाठी निवांत जागा नसणे.

लक्षणे

कोंबडी पिसे फुलवून एका जागी उभी राहते. तिची शेपटी खाली झुकते. ती पाय फाकून, अंग उभे धरून अवघडल्यासारखी चालते आणि वारंवार कुंथते. खुराड्यातील अंडी घालण्याच्या जागी ती पुनःपुन्हा जाते, पण अंडे घालत नाही. दाणापाणी कमी होते व तुरा फिकट पडतो. मलाशय व मूत्रनलिकाही अवस्करातच उघडत असल्यामुळे विष्ठा अडते किंवा थोडी व पातळ होते. अंड्याचा दाब मज्जातंतूंवर पडल्यास पाय लुळा पडतो. तोंड उघडून धापा टाकणे हे गंभीर अवस्थेचे लक्षण आहे.

पोटाच्या मागील भागास बाहेरून हलक्या हाताने स्पर्श केल्यास अंडे कठीण गोळ्यासारखे जाणवू शकते. मऊ कवचाचे अंडे मात्र हाताला लागत नाही. अशा वेळी क्ष-किरण किंवा ध्वनिलहरी तपासणी करावी लागते.

साम्य असलेल्या अवस्था

खुडूक कोंबडीही पिसे फुलवून बसून राहते. परंतु जवळ गेल्यास ती कुरकुरते वा चोच मारते, दिवसातून एक-दोनदा उठून खाते व सरळ चालते. तिला उपचाराची गरज नसते. पोटात पाणी साचणे, बलक उदरपोकळीत पडून होणारा दाह, मरेक रोगातील पायांचा लुळेपणा आणि रानीखेत रोग यांतही काही लक्षणे सारखी दिसतात. एकाच वेळी अनेक कोंबड्या आजारी असल्यास अंडे अडकण्यापेक्षा साथीच्या रोगाची शक्यता अधिक असते.

घरगुती प्राथमिक उपचार

कोंबडीस इतरांपासून वेगळे करून उबदार, शांत व काहीशा अंधाऱ्या जागी ठेवतात. पिण्यास स्वच्छ पाणी देतात. सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तिचा मागील भाग व पोट बुडेल अशा रीतीने १५ ते २० मिनिटे बसवितात. डोके व छाती पाण्याबाहेर असणे आवश्यक असते. उष्णतेने स्नायू सैल होतात. नंतर तिला कोरडी करून उबेत ठेवतात, कारण ओल्या अंगाने गारठल्यास ती अधिक खालावते. शुद्धीवर असून गिळू शकणाऱ्या कोंबडीस पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत तोंडावाटे कॅल्शियम देता येते. अंडे अवस्कराच्या तोंडाशी दिसत असल्यास कडेने पेट्रोलियम जेली लावतात.

पोट दाबणे, अंडे ओढणे किंवा आतल्या आत फोडणे हे टाळावे लागते. दाबामुळे अंडनलिका फाटू शकते अथवा उलटून बाहेर येते, तर कवचाच्या धारदार तुकड्यांनी जखमा होऊन संसर्ग पसरतो. माणसांसाठी असलेली वेदनाशामके देणेही धोक्याचे असते. हाताळणीनंतर हात साबणाने धुणे आवश्यक आहे.

पशुवैद्यकीय उपचार

एक-दोन तासांत अंडे बाहेर न आल्यास, तसेच रक्तस्राव, धाप, पाय लुळा पडणे किंवा अंडनलिकेचा भाग बाहेर येणे यांपैकी काही दिसल्यास, तत्काळ पशुवैद्यकाची मदत घेणे आवश्यक ठरते. पशुवैद्यक कॅल्शियमचे इंजेक्शन, सलाइन व आवश्यकतेनुसार गर्भाशयाचे आकुंचन घडविणारी संप्रेरके देतात. मार्ग खरोखर बंद असताना अशी संप्रेरके दिल्यास अंडनलिका फाटण्याचा संभव असतो, म्हणून ती तपासणीनंतरच दिली जातात. काही वेळा सुईने अंड्यातील द्रव शोषून घेऊन रिकामे कवच काढतात. क्वचित शस्त्रक्रिया करावी लागते. औषधोपचारानंतर काही काळ त्या कोंबडीची अंडी खाण्यास वापरत नाहीत. हा कालावधी औषधानुसार ठरतो. भारतात फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

अंडे बाहेर पडल्यावरही कोंबडीस एक-दोन दिवस वेगळे ठेवतात. मागील भाग लाल वा सुजलेला दिसल्यास इतर कोंबड्या त्यावर चोची मारून तिला गंभीर जखमी करू शकतात.

प्रतिबंध

अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असावे लागते. शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवल्यास कोंबडी गरजेप्रमाणे ती खाते. कवच प्रामुख्याने रात्री तयार होते व जाड भरड पेषणीत साठून हळूहळू विरघळते, म्हणून ती सायंकाळी उपलब्ध असणे उपयुक्त असते. पिलांना व वाढत्या तलंगांना मात्र असे कॅल्शियमयुक्त खाद्य देत नाहीत. त्याने त्यांच्या मूत्रपिंडांस इजा होते. सूर्यप्रकाश, मोकळे फिरणे, स्वच्छ पाणी आणि अंडी घालण्यासाठी शांत, कोरडी जागा यांमुळे हा विकार होण्याची शक्यता कमी होते. एखाद्या कोंबडीत तो वारंवार होत असल्यास मूळ कारणाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.