पोडाची कुळकथा

पैनगंगेच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी, मारेगाव, केळापूरच्या टेकड्यांच्या उतारावर कोलाम आदिवासींची वस्ती असते. काळी कपाशीची जमीन खाली गावाकडे, वर नुसता मुरूम. मधोमध चावडी, भोवती कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या भिंतींची मोजकी घरं, कुठे अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसलेलं कुणी. बंजाऱ्यांचा तो तांडा, गोंडांचा गुडा, आणि कोलामांचं पोड.

हा ‘पोड’ आला कुठून?

बहुतेक जण ‘पाडा’कडे बोट दाखवतात. ठाणे-नंदुरबारकडे पाडा, इकडे पोड, म्हणजे एकच शब्द. मला हे पटत नाही. ‘पाडा’ संस्कृत ‘पाटका’तून आला असं मानतात. त्यातल्या ‘आ’चा इथे ‘ओ’ का व्हावा, याचं उत्तर कुणी देत नाही. शिवाय याच जिल्ह्यात वाडी, तांडा, बेडा हे शब्द आपापल्या रूपात टिकले, मग बिघडला तो एकटा पाडाच? कुणी ‘पडीक’शीही नातं जोडतात, पण पडीक जमिनीवर वस्ती कशी मोजायची?

मला धागा सापडला तो इथून हजारभर किलोमीटर दक्षिणेला. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिग आदिवासी राहतात आणि आपल्या वस्तीला ‘पोडु’ म्हणतात! कोलामांशी त्यांचा कधी संबंध आल्याचं ऐकिवात नाही. दोघांत सारखं एवढंच की दोघंही द्राविडी भाषा बोलतात आणि दोघंही पूर्वी फिरती शेती करत. तेलुगूत तर ‘पोडु’ म्हणजेच फिरती शेती: उतारावरचं रान तोडायचं, जाळायचं, राखेत पेरायचं, आणि जमीन थकली की पुढचा उतार गाठायचा. नदीपलीकडच्या आदिलाबादच्या कोलामांची ही शेती मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फने १९४०च्या दशकात जवळून पाहिली. नांगराऐवजी कुदळ आणि टोकदार काठी, नि वस्ती शेताच्या मागोमाग फिरती.

म्हणून माझं ठाम म्हणणं असं: पोड हे आधी शेताचं नाव, मग घरांचं. राखीव जंगलं झाली, फिरणं थांबलं, जाळलेलं रान गेलं, पण तिथे राहणाऱ्यांच्या तोंडी शब्द राहिला. कोलामी ही वेगळी भाषा, तिच्यात तेलुगू शब्द कशाला, असा आक्षेप येतो. पण सरकारी यादीत या जमातीची नोंदच ‘कोलाम, मन्नेरवारलू’ अशी जोडनावाची आहे, आणि दुसरं नाव तेलुगू आहे. पैनगंगा ओलांडली की तेलुगू मुलूखच. मधल्या काळाचा कागद नाही, तो दुवा मी अनुमानाने जोडतो.

याच फिरतेपणाचा फटका आजही बसतो. २०११च्या जनगणनेत राज्यात या जमातीची लोकसंख्या सुमारे १ लाख ९४ हजार भरली, पण जनगणना महसुली गावाची होते. पोड शेजारच्या मोठ्या गावात मिळवून टाकलं जातं. त्यामुळे अमुक पोडात किती माणसं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

वणी, मारेगाव, घाटंजीकडच्या वाचकांना एक विनंती आहे. पोडावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, पूर्वी जाळून पेरलेल्या रानाला ते काय म्हणत. उत्तर ‘पोड’ आलं तर पोडाच्या नावासकट लिहून ठेवा. वेगळं आलं, तर तेही लिहा.