परळीत कोळसा जळतो, ट्रॉम्बेत मूलद्रव्यच बदलतं! नेमका फरक काय?

बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, तेव्हा तो नाहीसा झाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, एवढंच. कार्बन कार्बनच राहतो. भट्टी कितीही मोठी पेटवा, आगीने एका मूलद्रव्याचं दुसरं होत नाही.

कारण मूलद्रव्याची ओळख ठरते ती अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून. ६ प्रोटॉन म्हणजे कार्बन, ७९ म्हणजे सोनं. जळताना फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, केंद्रक जसंच्या तसं राहतं.

मग केंद्रकात शिरायचं कसं? एक वाट न्यूट्रॉनची. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने केंद्रक त्याला ढकलून देत नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून असलेल्या 'ध्रुव' अणुभट्टीत हेच होतं. युरेनियम (९२) न्यूट्रॉन गिळतं, मग त्यातल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि नेपच्युनियम (९३) तयार होतं. काही दिवसांत त्याचं प्लुटोनियम (९४) होतं.

दुसरी वाट दोन केंद्रकं एकमेकांवर आदळण्याची. रशियातल्या दुबना इथे कॅल्शियम (२०) कॅलिफोर्नियमवर (९८) आदळून ११८ क्रमांकाचं ओगानेसॉन मिळालं. बेरीज शाळेतलीच! पण हाती आले मोजकेच अणू, तेही क्षणार्धात विरले.

आता तुम्ही विचाराल, मग सोनं? तेही होतं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाच्या केंद्रकातून ३ प्रोटॉन निसटून सोनं झालं, पण ते ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. तेव्हा 'पाऱ्याचं सोनं करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरा उपयोग वेगळाच आहे. ट्रॉम्बेत टेल्यूरियमवर (५२) न्यूट्रॉनचा मारा करून किरणोत्सारी आयोडीन-१३१ (५३) बनवतात. आपली थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, हे किरणोत्सारी आयोडीनही तसंच ओढते. थायरॉईडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी ते आतूनच मारतं.

अडचण एकच. दर ८ दिवसांनी ते निम्मं होतं, त्याचं झेनॉन (५४) बनत जातं. म्हणून हे औषध कपाटात साठवून ठेवता येत नाही. अणुभट्टीतून निघाल्यावर रुग्णापर्यंत ते वेळेत पोचावं लागतं, रुग्ण मुंबईचा असो की बीडचा.