फुप्फुसाभिसरण

हृदयाच्या उजव्या जवनिकेतून निघालेले रक्त फुप्फुस रोहिणीवाटे फुप्फुसांत जाते, तेथे कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजन घेते आणि फुप्फुस नीलांवाटे डाव्या कर्णिकेत परतते. या फेरीला फुप्फुसाभिसरण म्हणतात. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नसल्याने रक्ताला फुप्फुसांतूनच जावे लागते, हे इब्न अल-नफीस याने तेराव्या शतकात लिहिले. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र माल्पीगीला 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या. मार्ग आखूड आणि उजवी जवनिका पातळ, म्हणून या अभिसरणाला दुय्यम लेखले जाते. ते चूक आहे. डावी जवनिका विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त सगळ्या शरीराला पुरवते आणि जवळजवळ तेवढेच रक्त उजवी जवनिका एकट्या फुप्फुसांतून पाठवते. फरक दाबाचा आहे. महारोहिणीत सरासरी दाब पाऱ्याच्या 90 ते 95 मिमी. असतो, तर फुप्फुस रोहिणीत 15 मिमी.च्या आसपास.

हा कमी दाब म्हणजे दुबळेपणा नव्हे. फुप्फुसाचे काम त्याच्याच आधारावर चालते. वायुकोशातील हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या जवळपास जाड असतो. केशवाहिनीतून जायला रक्तपेशीला पाऊण सेकंद लागतो आणि त्यातल्या पहिल्या एक-तृतीयांश वेळातच ती ऑक्सिजनने भरते. एवढ्या नाजूक पडद्याला जास्त दाब सोसत नाही. याचा पुरावा आपल्याकडच्या रुग्णालयांत नेहमी दिसतो: संधिवाती तापाने डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधली मिट्रल झडप अरुंद झाली की रक्त मागे तुंबते, केशवाहिन्यांतला दाब वाढतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्णाला आडवे झोपवत नाही. यावर आक्षेप असा, की इतक्या कमी दाबाने उभ्या माणसाच्या फुप्फुसाच्या शेंड्यापर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. हे खरेच आहे. पण श्रम करताना मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात, त्यामुळे प्रवाह कितीतरी पट वाढूनही दाब त्या मानाने थोडाच चढतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शरीरातल्या इतर रक्तवाहिन्या ऑक्सिजन घटला की रुंदावतात, फुप्फुसातल्या मात्र आकसतात. हे फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी 1946 मध्ये मांजरांवर दाखवले. न्यूमोनियाने एखादा भाग निकामी झाला, तर रक्त चांगल्या भागाकडे वळते, म्हणून हे आकसणे हिताचे. पण सगळी हवाच विरळ असेल तर? इंदूरचा भंवरकुआं परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. तेथे वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब नव्वदीच्या आसपास राहतो. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या लक्षणीय आकसायला तो बराच खाली यावा लागतो. लडाखसारख्या उंचीवर तो तसा येतो. रक्तवाहिन्या जागोजागी कमीअधिक आकसतात, उघड्या राहिलेल्यांवर सगळा भार पडतो आणि तेथून पाणी झिरपते. म्हणजे याही वेळी घात होतो तो दाब वाढल्यामुळेच. उंचीवर बसल्या जागी धाप लागली आणि खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि डॉक्टरांना गाठावे.