प्रिंटरच्या पसंती आणि कमांड लाइनवरील मुद्रण

कागदाच्या दोन्ही बाजूंस छापण्याची पसंती प्रिंटरला एकदा नेमून दिली, म्हणजे यापुढील प्रत्येक मजकूर तसाच छापून निघेल, अशी वापरणाऱ्याची समजूत असते. पडद्यावरील चौकटीतून छापले असता ती बहुधा खरी ठरते. परंतु तोच मजकूर कमांड लाइनवरून धाडला, तर तो पुष्कळदा एकाच बाजूस छापला जातो, आणि पसंती डावलली गेल्याची सूचनाही मिळत नाही. हा दोष सामान्यतः एखाद्या प्रोग्रॅमच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याचे मूळ इतिहासात आहे. कमांड लाइनवरील मुद्रणाची रीत ज्या यंत्रांसाठी घडली, त्या यंत्रांना 'पसंती' अशी काही नव्हतीच.

ही यंत्रे म्हणजे ओळीमागून ओळ छापणारे लाइन प्रिंटर. आय. बी. एम. कंपनीने १९५९ साली जाहीर केलेले १४०३ हे यंत्र मिनिटाला ६०० ओळी छापीत असे. पान कोठे संपते, हे छिद्रे पाडलेल्या एका फितीच्या वेटोळ्यावरून ठरे; कागद कोणता, हे तो चढविणारा कर्मचारी ठरवी. फोरट्रानच्या मुद्रणसंकेतात ओळीचे पहिले अक्षर छापले जात नसे. तेथे '१' असल्यास नवे पान, '०' असल्यास एक ओळ कोरी, एवढाच त्याचा अर्थ. मजकुराबरोबर जाणाऱ्या सूचना इतक्याच. बाकीचे सारे माणसाच्या हाती होते. (मराठीत 'मुद्रक' हा शब्द आजही यंत्राचा नव्हे, तर माणसाचा वाचक आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.)

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधील मुद्रणव्यवस्थेने ही परंपरा नावासकट उचलली. 'लाइन प्रिंटर डीमन' या तिच्या सेवक-प्रोग्रॅमचा संकेत ऑगस्ट १९९० मध्ये आर. एफ. सी. ११७९ या क्रमांकाने लेखनिविष्ट झाला. तो दस्तऐवज भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. त्यात प्रत्येक सूचनेस रोमन लिपीतील एकेक अक्षर अथवा अंक नेमला आहे. रुंदीसाठी मोठ्या लिपीतील 'डब्ल्यू', समासासाठी 'आय', शीर्षकासाठी 'टी'. धाकट्या लिपीतील 'आर' म्हणजे फोरट्रानच्या पद्धतीचा मजकूर, 'ओ' म्हणजे पोस्टस्क्रिप्ट. मात्र दोन्ही बाजूंस छापा, अमुक खणातील कागद घ्या, रंग वापरू नका, यांपैकी एकाही सूचनेस अक्षर नाही. लेझर प्रिंटर त्या वेळी नवलाईचे राहिले नव्हते. ॲपलचा लेझररायटर १९८५ सालचा. यंत्र पुढे गेले होते, वर्णमाला मागे राहिली होती. यावर व्यवस्थापकांनी काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. एकाच प्रिंटरला ते दोन नावे देत, एक एकपृष्ठी छपाईचे आणि दुसरे द्विपृष्ठी छपाईचे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे, तर विशेषणाचे काम त्यांनी विशेषनामाकडून करून घेतले.

दुसरीकडे, १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टसारख्या पृष्ठवर्णनभाषा रूढ झाल्या आणि पानाची घडण 'ड्रायव्हर' या मधल्या प्रोग्रॅमकडे आली. विंडोजमध्ये पसंती 'डेव्हमोड' नावाच्या नोंदीत राहतात. संपूर्ण प्रिंटरसाठी एक, प्रत्येक वापरणाऱ्यासाठी एक आणि प्रत्यक्ष छापावयाच्या दस्तऐवजासाठी एक. ही नोंद वाचून पान रचणे हे ड्रायव्हरचे काम होय. कमांड लाइनवरून एखादी फाइल प्रिंटरच्या पोर्टवर जशीच्या तशी उतरविली, की ड्रायव्हर वाटेत येतच नाही; मग त्याच्या नोंदी वाचणार कोण? अशा वेळी 'प्रिंटरच्या पसंती' हा शब्दप्रयोगच फसवा ठरतो. त्या प्रिंटरच्या नसून ड्रायव्हरच्या असतात.

देवनागरी मजकुरावरून हे चटकन ध्यानात येते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'अ' हे अक्षर तीन बाइटांचे असते. आय. बी. एम. च्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचावर चालणाऱ्या प्रिंटरकडे ते थेट धाडले, तर कागदावर ग्रीक आल्फा, स्पॅनिश एन्ये आणि फ्रेंच स्वरचिन्हासह 'ए' उमटतात. येथे चूक दिसते तरी. एकपृष्ठी कागद मात्र निर्दोष वाटतो. सांकेतिक क्रमांक दिल्याखेरीज छापू नये ही ड्रायव्हरमधील पसंती अशीच गळाली, तर गोपनीय कागद सर्वांदेखत बाहेर पडतो. पसंती निमूटपणे गळते, ही गोष्ट केवळ गैरसोयीची नव्हे, ती अशा ठिकाणी.

१९९९ साली आलेल्या कप्स या व्यवस्थेने आणि २००० सालच्या आय. पी. पी. १.१ या संकेताने सूचनांची वर्णमाला पुरी केली. आता कागदाच्या बाजू, माप यांना स्वतंत्र शब्द आहेत, आणि सूचना न आल्यास काय गृहीत धरावे हेही प्रिंटर सांगू शकतो. तथापि पसंतीची मालकी कोणाकडे, हा प्रश्न सुटला नाही. २००२ पासून कप्स स्वीकारलेल्या मॅक प्रणालीत मुद्रणचौकटीतील जतन केलेल्या पसंती वेगळ्या फाइलीत राहतात. कमांड लाइनवरील 'एलपी' ती वाचीत नाही. कप्सच्या 'एलपीऑप्शन्स' या आज्ञेने नेमलेली पसंती 'एलपी' पाळते खरी. पण ही आज्ञा मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने दिली तर पसंती सर्वांना लागू होते, स्वतःच्या नावाने दिली तर स्वतःपुरती. त्यामुळे दिवसा आपल्या पसंतीप्रमाणे छापले जाणारे पत्रक रात्री वेळापत्रकानुसार दुसऱ्या नावाने धाडले गेले, की पुन्हा एकाच बाजूस छापून निघते.