शर्यतीचा छकडा : पुढच्या बाजूची उंची

मातीवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीत पुढची उंची स्प्रिंगने जुळवतात. जळगाव-धुळ्याकडच्या दोनचाकी छकड्याला स्प्रिंग नसते. तिथे ही उंची बैलांच्या खांद्यावरून आणि आसाच्या पुढे-मागे पडणाऱ्या भारावरून ठरते. भार पुढे सरकला की गाडी धुरजड होते, जू मानेत रुतते. मागे गेला की उलाळ होते. जू उचलले जाऊन जोते गळ्याला आवळते. मानेवर भार मुळीच नको, हे म्हणणे दयाबुद्धीचे खरे, पण टिकणारे नाही : काळ्या मातीच्या खाचेतून चाक उसळले की असा नेमका तोल क्षणात मागे कलंडतो. म्हणून किंचित धुरजड गाडीच बैलाला सोसते. जोडी असमान उंचीची असेल तर मात्र जू तिरपेच राहते आणि भार हलवून काही साधत नाही.